कळसूबाई: श्रावणात आईला न्यावं की नवरात्रात?

गिरिमित्र_ठाणे:
आई ६२ वर्षांची आहे. रोज तासभर चालते, गुडघा मधूनच दुखतो. कळसूबाईचं दर्शन शिखरावर जाऊनच घ्यायचं म्हणते. पायथ्याच्या बारी गावाहून जाणार आहोत. श्रावणात नेऊ का नवरात्रापर्यंत थांबू? वाटेतल्या लोखंडी शिड्यांची कितपत भीती बाळगायची?

कारवी:
श्रावणात नको. शिखर १६४६ मीटर उंच, त्यात बारीपासून आठशे मीटरच्या वर चढ. लोक शिड्यांना घाबरतात, पण त्यांना धरायला कठडे तरी आहेत. पावसाळ्यात पाय सरकतो तो शिड्यांच्या मधल्या शेवाळलेल्या कातळावर आणि चिखलाच्या पायवाटेवर, तेही बहुतेक उतरताना. वर ढग बसला की दहा पावलांपुढचं दिसत नाही, वाराही भन्नाट. नवरात्रात यात्रा असते, शिडीखाली रांग लागते आणि ताटकळून अंग आखडतं. त्यापेक्षा नोव्हेंबर ते जानेवारीत आठवड्यातला मधला वार गाठा.

डोंगरवाट:
वरच्याशी सहमत. पहाटे पाचला बारी सोडा. सवयीच्या माणसाला वर जायला तीन ते साडेतीन तास लागतात, आईंसाठी पाच धरा. माणशी तीन लिटर पाणी, लिंबू-मीठ-साखर, आणि बॅग पाठीवरच, म्हणजे दोन्ही हात मोकळे. घोळदार पोंचो (डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट) नको. शिडीवर वाऱ्याने तो फुगतो, पायरीच दिसेनाशी होते, जाकीट बरं. एका टप्प्यावर एकच माणूस. उतरताना तोंड शिडीकडे, वरचा हात सोडण्याआधी खालचा पाय टेकलेला. चढताना तुम्ही आईंच्या मागे, उतरताना त्यांच्या खाली. गुडघ्याचं खरं दुखणं उतारावर निघतं, म्हणून काठी दोन घ्या, शिडीपाशी त्या तुम्ही धरा.

शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, तिच्या भरवशावर राहू नका. आणि सकाळी अकरापर्यंत विहीर गाठली नाही, तर तिथूनच परता. थकल्या पायांनी अंधारात उतरणं हा या डोंगरातला सगळ्यात मोठा धोका.

बारीकर:
चढ सुरू होतो तिथे खालीही देवीचं देऊळ आहे. ज्यांना वर जाणं झेपत नाही ती गावाकडची म्हातारी माणसं तिथेच नारळ फोडतात. पहिलं दर्शन तिथे घ्या, मग वरचं हुकलं तरी आईंना रुखरुख लागणार नाही.

कळसू ही कोळ्याची पोर. केरवारा करणार नाही, भांडी घासणार नाही, या अटीवर तिने काम धरलं. एक दिवस तेच करायला लावल्यावर डोंगरावर निघून गेली ती कायमची. भांडी घासली ते थाळेमेळ, केर टाकला तो काळदरा, ही ठिकाणं आजही दाखवतात. आमच्या महादेव कोळी लोकांचं ती दैवत आहे. वर गेल्यावर चपला काढून आत जा, गाभाऱ्यात गर्दी करून फोटो काढू नका. प्लास्टिक सगळं खाली आणा, हे अभयारण्य आहे. माकडं पिशवी ओढतात, म्हणून प्रसाद बॅगेच्या आत ठेवा.

गिरिमित्र_ठाणे:
डिसेंबरातला मंगळवार धरतोय. आईला खालच्या देवळाचं सांगितलं, तिथे आधी थांबायला तयार आहे. पायथ्याच्या इंदोरे गावाहून वर जाणारी दुसरी वाट कशी आहे?

कारवी:
आईंसोबत तिचा विचारच नको. चढ जास्त उभा, माणसांची वर्दळ कमी. बारीनेच जा, बारीनेच उतरा.