गोव्याची चर्चशाळा: फक्त प्रार्थना नव्हे

पुष्कळांना वाटतं की पोर्तुगीज काळात गोव्यातल्या गावच्या चर्चशाळांत प्रार्थना पाठ करून घेण्यापलीकडे काही नव्हतं. हे अर्धंच खरं आहे. धर्मशिक्षण हाच मूळ हेतू होता, त्यात वाद नाही. पण तिथल्या मास्तराला, म्हणजे 'मेस्त्री'ला (गवंडी नव्हे!), चर्चमधलं गायन-वादनही सांभाळावं लागे. मिस्सेला (चर्चमधली सामूहिक उपासना) आणि फेस्ताला (चर्चचा उत्सव) गायक-वादक हवेत, मग ते गावातच घडवायचे. म्हणून पोरं अक्षरांच्या जोडीला 'सोल्फेज' म्हणजे स्वरलिपी वाचायला शिकत, आणि ज्याचा कान चांगला त्याच्या हातात रबेक, म्हणजे व्हायोलिन. बऱ्याच ठिकाणी मेस्त्रीचा पगार गावच्या कोमुनिदादीतून निघे, म्हणजे सामायिक जमिनीच्या उत्पन्नातून.

याचा परिणाम कुठे दिसला? मुंबईत! गोव्याच्या साष्टी तालुक्यातल्या माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस घ्या. वडील चर्चमधले गायनप्रमुख, मुलगा हिंदी सिनेमाचा संगीतसंयोजक आणि 'लक्ष्मीकांत-प्यारेलाल' या संगीतकार जोडीतल्या प्यारेलाल यांचा व्हायोलिनचा गुरू. नोटेशन बघून तिथल्या तिथे वाजवणारे वादक स्टुडिओंना हवे होते, आणि ते गोव्यातल्या खेड्यांनी पुरवले.

दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर गोडगोड वाटेल. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने कोकणी सोडून पोर्तुगीज बोलण्याचं फर्मान काढलं होतं. घरची भाषा मोडून काढायची आणि सूर मात्र शिकवायचे, असा तो सगळा विचित्र कारभार. तरी कोकणी टिकलीच, अगदी चर्चमधल्या गाण्यांतसुद्धा.