बफर मोठा केल्याने दोष जातो का?

मूळ मांडणी
मी ज्या मुक्तस्रोत प्रॉक्सीच्या (क्लायंट आणि सर्व्हर यांच्यामधल्या मध्यस्थ प्रोग्रामच्या) देखभालीत सहभागी आहे, तिच्यात टीएलएसवरून (माहिती सांकेतिक करून पाठवण्याच्या पद्धतीने) आलेल्या उत्तराचा शेवटचा भाग कधीकधी क्लायंटपर्यंत पोहोचत नाही आणि कालमर्यादा संपेपर्यंत कनेक्शन अडकून राहते. टीएलएसच्या एका रेकॉर्डमध्ये (एकत्र सांकेतिक केलेल्या तुकड्यात) १६,३८४ बाइटपर्यंत मजकूर असू शकतो, तर आमचा बफर (माहिती तात्पुरती ठेवण्याची जागा) ४,०९६ बाइटचा आहे. ओपनएसएसएल हे टीएलएस हाताळणारे ग्रंथालय (तयार कोडचा संच) सॉकेटमधून, म्हणजे नेटवर्क जोडणीच्या आपल्याकडील टोकातून, संपूर्ण रेकॉर्ड उचलते, उलगडते, बफरमध्ये मावेल तेवढे आम्हाला देते आणि उरलेले स्वतःजवळ ठेवते. त्यानंतर आम्ही पुन्हा पोलकडे, म्हणजे कोणत्या सॉकेटमध्ये वाचण्यासारखे काही आले आहे हे कळवणाऱ्या कॉलकडे, वळतो. सॉकेट रिकामे असल्याने तो काहीच कळवत नाही. जी माहिती आपल्याच प्रक्रियेच्या मेमरीत आहे, ती नेटवर्कवरून येईल म्हणून आपण थांबून राहतो. बफर १६ केबी करणारा एका ओळीचा पॅच (कोडमधला बदल) आला आहे. माझा त्याला विरोध आहे: ग्रंथालय ‘वॉन्ट रीड’ (नेटवर्कवरून आणखी माहिती आल्याशिवाय देण्यासारखे काही नाही) असे सांगेपर्यंत वाचत राहणे, हीच खरी दुरुस्ती आहे.

प्रतिसाद १
मी त्या पॅचच्या बाजूने आहे. एक ओळ कोणालाही तपासता येते आणि वापरकर्त्यांची अडचण आजची आहे. दर कनेक्शनमागे १२,२८८ बाइट वाढतात, म्हणजे १०,००० कनेक्शनना सुमारे १२३ एमबी. हा भार मोठा नाही. उलट आपण सुचवलेल्या, वाचतच राहणाऱ्या लूपमध्ये एखादा वेगवान सर्व्हर सतत पाठवत राहिला, तर एका थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकच काम करत चालणाऱ्या प्रॉक्सीत बाकीची सगळी कनेक्शने खोळंबतील.

प्रतिसाद २
मेमरीचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात बफर दर वेळी रिकामाच असेल असे गृहीत धरले आहे. क्लायंट संथ असेल आणि १०,००० बाइट अजून पाठवायचे असतील, तर जागा ६,३८४ बाइटचीच उरते. अशा वेळी पूर्ण रेकॉर्ड आला की १०,००० बाइट पुन्हा ग्रंथालयातच राहतात. दोष क्वचित दिसू लागेल, आणि तोही ज्यांचे नेटवर्क आधीच कमकुवत आहे त्यांनाच. विकासकाच्या यंत्रावर तो सहसा घडणारच नाही.

प्रतिसाद १ चे उत्तर
हा मुद्दा मला मान्य आहे. तरीही लूपला मर्यादा हवीच. एका फेरीत ठरावीक बाइट वाचून झाले की ते कनेक्शन ‘तयार’ यादीत टाकावे आणि यादी रिकामी नसेल तेव्हा पोल शून्य कालमर्यादेने बोलवावा. बफर भरल्यास वाचन थांबवावे, म्हणजे कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) बफर भरून टीसीपीची विंडो (समोरच्याला आणखी किती पाठवता येईल ती मर्यादा) आकसेल आणि सर्व्हर आपोआप हात आखडता घेईल. मात्र हे होईपर्यंत मोठा बफर तात्पुरता द्यायला काय हरकत आहे?

मूळ मांडणीकाराचे उत्तर
मर्यादेची सूचना मी स्वीकारतो. माझ्या प्रस्तावात ती उणीव होती. तीत एक भर घालतो. ओपनएसएसएलचे ‘एसएसएल पेंडिंग’ हे फंक्शन फक्त उलगडलेले बाइट मोजते, त्यामुळे रीड-अहेड (सॉकेटमधून गरजेपेक्षा जास्त आधीच वाचून ठेवणे) चालू असेल तर न उलगडलेले बाइट त्यातून निसटतात. त्यासाठी ओपनएसएसएलच्या १.१.० आवृत्तीपासून ‘एसएसएल हॅज पेंडिंग’ उपलब्ध आहे. ते होकार देते म्हणून पूर्ण रेकॉर्ड हाताशी आहेच असे नाही, म्हणून अंतिम निर्णय वाचून पाहिल्यावरच घ्यावा. जागा मोकळी होऊन पुन्हा वाचन सुरू होते, तिथेही पोलकडे जाण्याआधी ही तपासणी हवी. तात्पुरत्या पॅचला मात्र माझा विरोध कायम आहे, कारण बफर वाढवला की आज हमखास नापास होणारी चाचणी उत्तीर्ण होईल आणि दोष उघड करणारे एकमेव साधन आपण गमावू. आधी १,०२४ बाइटचा बफर आणि मुद्दाम संथ केलेला क्लायंट असलेली चाचणी संग्रहात जाऊ द्या. ती उत्तीर्ण झाल्यावर बफर कितीचा ठेवायचा यावर माझा कोणताही आग्रह नाही.