पूरपट्ट्यात फ्लॅट घेतला म्हणून अक्कल गहाण पडत नाही

गावभागवाला
परवा इथंच एका सदगृहस्थांनी लिहिलं, "2019 आणि 2021 चा पूर बघूनही सांगलीत जो गावभाग, मारुती चौक, सांगलीवाडीकडं घर घेतो तो अक्कलशून्य. अशांना पुराची सरकारी मदतसुद्धा देऊ नये." खाली अंगठ्यांची रांग. लिहिणारे नदीपासून लांब, विश्रामबागेत राहतात हे वेगळं सांगायला नको.

मी मे महिन्यात गावभागात दुसऱ्या मजल्यावर राहायला जातोय. खरेदीखत झालं, नोंदणीचा उतारा म्हणजे इंडेक्स टू हातात आहे. डोळे झाकून घेतलेला नाही. आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी 40 फूट झालं की इशारा, 45 फूट झालं की धोका, हे आपल्याकडं पोराला पाढ्यांच्या आधी येतं. 2019 ला पाणी 57 च्या वर गेलं तेव्हा या इमारतीच्या जिन्यात कुठवर आलं होतं त्याची खूण अजून आहे. पहिल्या मजल्याच्या फरशीखाली. मग माझं घर बुडतंय कुठं?

आईला मंडई, गणपतीचं देऊळ आणि तिचे डॉक्टर सगळं चालत. विश्रामबागेत याच पैशात एक खोली कमी येते, आणि आईला रिक्षाशिवाय कुठं जाता येत नाही. हा हिशेब मी केला, बायकोनं दोनदा तपासला.

आणि 'सुरक्षित' भागातलं बोलू या का? गुंठेवारीचा, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेला प्लॉट नुसत्या नोटरीवर घेणारे, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे राहायला जायची महापालिकेची परवानगी नसलेल्या इमारतीत "होईल की ओ नंतर" म्हणून चावी घेणारे, त्यांना कुणी अक्कलशून्य म्हणत नाही. नदीचं पाणी आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतं. कागदाचा घोळ नातवापर्यंत उतरत नाही.

विश्रामबागकर
तो सदगृहस्थ मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

2019 ला माझं अख्खं सासर गावभागातून आमच्याकडं आलं. तेही वरच्याच मजल्यावर राहत होते. घरात थेंब आला नाही, मान्य. पण लाईट गेली, पाण्याची मोटर बुडाली, टाकी रिकामी, मोबाईल बंद, आणि खाली छातीभर पाणी. सासऱ्यांना शुगर. शेवटी बोटीतून काढलं. ब्रह्मनाळला बोट उलटली तो आठवडा होता तो, बायकोनं त्या दिवशी अन्न घेतलं नाही.

तेव्हा "माझं घर बुडतंय कुठं" हे वाक्य मला ऐकवू नका. मीटर कुठं आहेत तुमचे? तळमजल्यावरच ना? लिफ्टचा खड्डा? गाडी कुठं लावणार? मदतीचं वाक्य मागं घेत नाही. पूररेषा माहीत असताना घेतलंय ना, मग भोगा.

मिरजकर
सांगलीवाल्यांचं जग शंभर फुटी रस्त्याला संपतं. अहो, जंक्शन आमच्याकडं, दवाखाने आमच्याकडं, आणि महापालिका 1998 पासून एकच आहे. कर सारखाच भरतो. पण घर बघायचं म्हटलं की मिरज कुणाला आठवतच नाही. आमच्या रस्त्याचं काम बघा आणि मग रडा.

विश्रामबागकर
धाग्याचा विषय मिरजेचे रस्ते नाही.

मिरजकर
कधीच नसतो.

निळी रेषा
स्थापत्यात आयुष्य गेलं म्हणून बोलतो. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणारा. निळ्याच्या आत नवं बांधकाम नाही, निळ्या-लालच्या मध्ये अटींवर. गावभागवाल्यांनी जिन्यातली खूण बघितली हे चांगलं, पण ती इमारत कुठल्या रेषेत येते ते महापालिकेच्या नकाशावर बघितलं का? उद्या इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली तर तिथं अडकाल. पूर नाही, पुनर्विकास तुम्हाला छळेल. हा मुद्दा दोघांपैकी कुणालाच सुचला नाही.

हळद बाजार
रेषा कसल्या काढताय? 2005, 2019, 2021. सोळा वर्षांत तीनदा. शंभर वर्षांतून एकदा म्हणे! सगळं कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं. ते धरण व्हायच्या आधी असला पूर कुणी बघितला होता का? आता धरणाची पाणीपातळी 519.60 वरून 524.256 मीटरला नेणार आहेत. तेव्हा विश्रामबागसुद्धा गेली म्हणून समजा. मग बसा कोण अक्कलशून्य ते ठरवत.

निळी रेषा
झालं. आली अलमट्टी. 2019 च्या पुरानंतर सरकारनंच वडनेरे समिती नेमली होती. तिनं सांगितलं की अलमट्टी धरण आणि हिप्परगी बंधाऱ्यामुळं हा पूर आला असं म्हणता येत नाही. अतिवृष्टी, नदीपात्रातली आणि पूरपट्ट्यातली अतिक्रमणं, ही कारणं दिली. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. वारणा फुगून आली की कृष्णेला पुढं जायला वाट राहत नाही, पाणी सांगलीत तुंबतं. त्यात कोयनेचा विसर्ग. याला कर्नाटक लागत नाही.

हळद बाजार
समिती! मुंबईत बसून अहवाल लिहायला काय जातंय? माझ्या गोदामात पाणी दिवसेंदिवस हललं नाही. पुढं वाट मोकळी असती तर उतरलं नसतं का? आणि अलमट्टीचा काही संबंध नाही तर आपलंच सरकार उंचीला विरोध कशाला करतंय? कृष्णा पाणीवाटप लवादानं 2010 ला मंजुरी दिली, तेव्हापासून भांडण चालूच आहे. द्या उत्तर.

निळी रेषा
519.60 ला पूर त्यामुळं आला का, हा एक प्रश्न. 524 केल्यावर काय होईल, हा दुसरा. दुसऱ्यासाठी विरोध करणं योग्यच आहे. दोन्हींची खिचडी करू नका.

हळद बाजार
माझी हळद भिजली तेव्हा प्रश्न एकच होता साहेब.

शामरावनगरचा बेडूक
तुमची नदी, तुमचं धरण, चालू द्या. आमच्याकडं नदी लागतच नाही. नुसता पाऊस पडला की गुडघाभर. ओढे बुजवले, त्यावर प्लॉट पाडले, काळी माती, पाण्याला उतार नाही. मी घर घेतलं तेव्हा एजंट म्हणाला होता, "पुराचं टेन्शन नाही इथं." दोन टक्के घेतले आणि पुढच्या पावसाळ्यात फोन उचलेना. विश्रामबागकर, आम्ही कुठल्या यादीत? अक्कलशून्य का नुसते गरीब?

विश्रामबागकर
तुमच्याबद्दल बोललोच नव्हतो.

शामरावनगरचा बेडूक
तेच म्हणतोय मी.

पेटाऱ्यातली काकू
पुरुष मंडळींची अलमट्टी मोजून झाली असेल तर घर बदलणाऱ्या माणसाशी कुणी बोलेल का?

गावभागवाले दादा, मेमध्ये जाताय ते उत्तम. आम्ही 2021 ला जुलैत सामान हलवलं. मुहूर्त काढला होता भाऊजींनी, पाणी चढायला लागलं ते मुहूर्त न विचारता. अर्धं सामान जुन्या घरात, अर्धं टेम्पोत, आणि टेम्पोवाला म्हणतोय पूल बंद होणार आहे. गाद्या भिजल्या, सासूबाईंचं शिसवी कपाट तळमजल्यावर राहिलं ते राहिलंच. तेव्हा मूळ खरेदीखत, सर्च रिपोर्ट, बँकेची पत्रं आधी हलवा. स्वतःच्या हातानं न्या, टेम्पोत नको. मीटर वर घ्यायला सोसायटीला जाण्याआधीच सांगा. नंतर तुम्ही सभासद होता, मग कुणी ऐकत नाही.

आणि घर बायकोच्या नावावर घेतलं का? एकट्या बाईच्या नावावर मुद्रांकात एक टक्का सूट आहे 2021 पासून. आमच्याकडं "दोघांचं असू दे" म्हणून ती घालवली.

गावभागवाला
काकू, नावावर बायकोच आहे. मीटरचं मात्र विचारायला पाहिजे.

निळी रेषा, नकाशा बघितलाय. लाल रेषेच्या आत आहे, निळ्याच्या बाहेर. पुनर्विकासाचा मुद्दा खरा आहे, पण मी घर राहायला घेतलंय, विकायला नाही.

विश्रामबागकर, सासऱ्यांचं वाचून वाईट वाटलं. आमच्याही आईचं वय झालंय, म्हणून पाणी 40 फूट झालं की मिरजेला बहिणीकडं जायचं हे घर घ्यायच्या आधीच ठरलंय. (मिरजकर, घ्या, आठवली मिरज.) पण तळमजल्यावर भाड्यानं राहणाऱ्याला, दुकान चालवणाऱ्याला "भोगा" म्हणायचा तुम्हाला काय अधिकार? त्यानं रेषा आखली नाही.

विश्रामबागकर
भाडेकरूंबद्दल मी लिहिलं नव्हतं. बरं, 'घर घेतो तो' असं लिहिलंय, त्यात भाडेकरू येत नाहीत. एवढं तुमच्या समाधानासाठी. पण तुम्ही इन्शुरन्सचं एक अक्षर काढलं नाही. पूरपट्ट्यात मिळतो का?

निळी रेषा
मिळतो. 2021 च्या एप्रिलपासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या कंपन्यांना ठेवावी लागते, त्यात पूर येतो. इमारतीबरोबर घरातलं सामानही काही मर्यादेपर्यंत येतं. लोक कर्जाबरोबर बँक चिकटवते तो जीवन विमा घेतात आणि घराचा विमा झाला असं समजतात.

विश्रामबागकर
चला, या धाग्यातून एक तरी कामाची गोष्ट निघाली. तुमच्याकडून निघाली, गावभागवाल्यांकडून नाही, याची नोंद घ्यावी.

गावभागवाला
घेतली. तुमच्या फ्लॅटला भोगवटा आहे का, ते अजून सांगितलं नाहीत.

विश्रामबागकर
अर्ज केलेला आहे.

शामरावनगरचा बेडूक
हा हा हा हा

मिरजकर
होईल की ओ नंतर.

विश्रामबागकर
हसा. बिल्डर म्हणतोय काम शेवटच्या टप्प्यात आहे.

हळद बाजार
ते सगळं असू दे. 524 झाल्यावर काय, याचं उत्तर निळ्या रेषेनं अजून दिलेलं नाही. मी इथंच आहे.