लोकरीती आणि लोकनीती, फरक कसा ओळखायचा?

सायली_एफवाय
सोमवारी इंटर्नल आहे आणि हे दोन अजून डोक्यात शिरत नाहीयेत. नोट्समध्ये लिहिलंय लोकरीती म्हणजे साध्या रूढ सवयी आणि लोकनीती म्हणजे समाज ज्यांना जास्त महत्त्व देतो त्या, पण महत्त्व जास्त की कमी हे ठरवायचं कसं? हळदीकुंकू कशात धरू?

जुना_मास्तर
नियम मोडल्यावर लोक काय करतात ते बघ. समाजशास्त्रज्ञ समनरने १९०६ मध्ये हा भेद मांडला तो असाच. पंगतीत सगळ्यांची पानं वाढून व्हायच्या आत कुणी जेवायला बसलं तर आजी डोळे वटारते, विषय संपला, ही लोकरीती. मोडणाऱ्याच्या चारित्र्यावरच बोलायला लागले, येणंजाणं तोडलं, की लोकनीती. वाळीत टाकणं हे त्याचंच टोक, जातपंचायतींनी ते इतकं केलं की महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा आणावा लागला, २०१७ पासून लागू आहे.
हळदीकुंकवात दोन्ही सापडतील. वाण म्हणून वाटी द्यायची की डबा, ही लोकरीती. विधवेला बोलवायचं नाही, ही लोकनीती.

पंचगंगाकाठ
सरांच्या शेवटच्या वाक्यावर लिहितो. आमच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद, आणि सरकारनेही त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तसंच करायला सांगितलं. माझे वडील त्याच्या खूप आधी गेले. तेव्हा कुणी जबरदस्ती केली नव्हती, आत्या नुसती शेजारी येऊन बसली आणि आईने स्वतःच हात पुढे केला. हिरव्या काचा मी वेचल्या होत्या. पुस्तकात आंतरीकरण हा शब्द येतो ना, म्हणजे समाजाचा नियम माणसाने आतून आपलाच मानणं, मला तो वाचला की आईचा तो हात दिसतो.

सायली_एफवाय
मग हेरवाडला सांस्कृतिक विलंबनाचं उदाहरण म्हणून लिहू का? ठराव पुढे गेला, लोक मागे राहिले असं?

जुना_मास्तर
नको. सांस्कृतिक विलंबन मांडणाऱ्या ऑगबर्नचा मुद्दा भौतिक संस्कृती, म्हणजे यंत्रं-वस्तू, आधी बदलते आणि विचार, रूढी मागून येतात असा आहे. इथे यंत्रतंत्र काही नाही, नियमच बदलायला घेतलाय. नियोजित सामाजिक बदल म्हणून लिही.

सायली_एफवाय
कळलं सर. दादा, तुमचं वाचून आमच्या शेजारच्या काकू आठवल्या. काका गेल्यापासून संक्रांतीला तिळगूळ दारातूनच देऊन जातात, आत बायका बसलेल्या असतात तरी येत नाहीत. मला वाटायचं घाईत असतील.