आई गेल्यावर बहिणी-बहिणींचं काय होतं? तुमचे अनुभव लिहा

मधली_सिडको
सावानातून (नाशिकच्या टिळकपथावरचं आपलं सार्वजनिक वाचनालय, १८४० सालचं) एक कादंबरी आणली. आई गेल्यावर तीन बहिणी घर आवरायला जमतात आणि भांड्यांवरून भांडतात. नाव मुद्दाम लिहीत नाही, शेवट फुटेल. निम्म्यात पुस्तक मिटलं, आमचंच घर दिसायला लागलं.

आम्हीही तिघी. ताई पुण्याला, धाकटी आईजवळ पंचवटीत, मी मधली. दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेना. सगळे म्हणायला लागले, काहीतरी इच्छा राहिलीय, बोला. ताईने हात जोडले, "आई, धाकटीचं आम्ही बघू." तरी कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. धाकटीचा चेहरा मात्र उतरला तो उतरलाच. घरी येऊन म्हणाली, "इतकी वर्षं आईचं मी बघितलं आणि आता माझं तुम्ही बघणार?"

तेरावं झाल्यावर ताईने दवाखान्याच्या फायली रद्दीत काढल्या. धाकटीने त्यातून एक वही ओढून घेतली. आईच्या साखरेची वही, रोजचे आकडे. ताईला वाटलं, ही आता केलेल्याचा हिशोब काढणार. बोलणं बंद. पुढे कधीतरी ती वही माझ्या हातात आली. आकड्यांशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं, "आज दोन घास जास्त." "आज दिवसभर ताईला हाका मारत होती." त्या पानाचा फोटो ताईला पाठवला. पहाटे नाशिकजवळच्या शिंदे टोलनाक्यावरून तिचा फोन, "तिला दार उघडून ठेवायला सांग."

तुमच्याकडे काय झालं?

जास्वंद
कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एवढंच लिहिते. "ताईला हाका मारत होती" वाचून घशात आलं. लांब राहणारीलाही माहेरचा फोन वाजला की धस्स होतं हो. मी ती लांबची.

निफाडची_लेक
आमच्याकडे वही नाही, कागद. वडील गेले आणि गोडजेवण झाल्या झाल्या भावाने हक्कसोड (जमिनीतला वाटा सोडल्याचा दस्त) पुढे केली. थोरल्या बहिणीने सही केली, मी नाही केली. भाऊ बोलतोय माझ्याशी! बहीण बोलत नाही. तिचं म्हणणं, तुझ्यामुळे मी मूर्ख ठरले. मला जमीन कसायची नाही, पण सातबाऱ्यावर नाव असलं की त्या घरात हक्काने जाता येतं असं वाटतं. लोक म्हणतात, मातीसाठी नातं तोडलं. मी कुठे तोडलं?

दस्तलेखक_नाशिकरोड
निफाडताई, बरीच वर्षं दस्त लिहिलेत म्हणून सांगतो. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे, ९ सप्टेंबर २००५ पासून. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलंय. महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच तसा कायदा केला होता, पण तो तेव्हा लग्न न झालेल्या मुलींपुरता. हक्कसोड नोंदवली की मागे फिरणं फार अवघड. म्हणून दुखवट्याच्या दिवसांत कुणालाच सही करायला लावू नये, असं मी समोर बसलेल्या भावांनाही सांगायचो. काही उठून दुसऱ्याकडे जायचे.

जास्वंद
काका, आईने स्वतः घेतलेल्या फ्लॅटचं काय? नॉमिनी एकटी बहीण आहे.

दस्तलेखक_नाशिकरोड
नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर मुलगे, मुली आणि वडील हयात असतील तर तेही, सगळ्यांचा सारखा वाटा.

बागलाणी
माझं उलटं आहे. बहीणच गेली, २०२१ च्या एप्रिलमध्ये. शेवटचं बघताही आलं नाही. आई आजही तिच्या वाटणीचे पापड वेगळे करते. वर्षाने दाजींनी दुसरं लग्न केलं आणि आईने त्या घराचं नावच टाकलं. मी जाते. भाची तिथे आहे ना! नवीन बाई वाईट नाही, भाचीच्या वेण्या नीट घालते. हे आईसमोर बोलले तर आई म्हणते, तू तिला विसरलीस. कसं सांगू, भाचीच्या हसण्यात मला तीच दिसते म्हणून तर जाते. आता आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) भाचीला माझ्याकडे आणणार आहे, झोका बांधायचाय.

मधली_सिडको
बागलाणी, आणच तिला. आणि आईलाही त्याच दिवशी बोलाव, आधी काही न सांगता.

बागलाणी
भीती वाटते गं. पण बघते.

गोदाकाठ
विषयांतर करतो, माफ करा. रामकुंडावर दहाव्याला गाडी कुठे लावता? परवा पंचवटीतल्या मालेगाव स्टँडपासून चालत गेलो, सोबत म्हातारी आत्या.

जास्वंद
सकाळी लवकर गेलं तर गौरी पटांगणाकडे मिळते. आत्याला आधी घाटाजवळ रिक्षातून उतरवा. पावसाळ्यात मात्र तिकडे गाडी नको, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी चढायला वेळ लागत नाही.

गोदाकाठ
धन्यवाद ताई. मोठ्या आत्याचं होतं. धाकटीने घाटावर एक शब्द काढला नाही, घरी येऊन सगळ्यांना चहा केला आणि मोठीचाही कप भरून ठेवला.

मधली_सिडको
निफाडची लेक, बहिणीला फोन केलास का? सातबाऱ्याचं काही काढू नकोस, नुसतं कशी आहेस विचार.

निफाडची_लेक
द्राक्षांची खरड छाटणी चालू आहे, माणसं आलीत, भाकऱ्या टाकतेय. रात्री लावते. उचलला नाही तर तिच्या सुनेला लावेन, ती उचलते.