रिफर्बिश्ड मिनी पीसीवर ईएसएक्सआय ८: इन्स्टॉलरला लॅन कार्डच दिसत नाही

शिरोली_आयटी

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिससाठी रिफर्बिश्ड मिनी पीसी घेतलाय. आय५-८५००टी, १६ जीबी रॅम, २५६ जीबी एनव्हीएमई, ऑनबोर्ड लॅन रियलटेक ८१११. दोन व्हीएम (एकाच मशीनवर चालणारे आभासी संगणक) हवेत: एक विंडोज ११ चं, टॅली आणि जीएसटीसाठी, दुसरं लिनक्सचं, फाइल शेअरसाठी. व्हीएम चालवण्यासाठी व्हीएमवेअरची ईएसएक्सआय ही सिस्टिम टाकतोय, पण ईएसएक्सआय ८ चा इन्स्टॉलर 'नो नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स' म्हणून थांबतो. एका जुन्या लेखात 'नेट५५-आर८१६८' नावाची व्हीआयबी (ईएसएक्सआयचं ड्रायव्हर पॅकेज) आयएसओत, म्हणजे इन्स्टॉलरच्या इमेज फाइलमध्ये, घालायला सांगितलीय. ती ८ ला चालते का? की सरळ यूएसबी लॅन लावू? टॅलीवर चार जण एकाच वेळी असतात, तेवढं हे मशीन ओढेल का?

उद्यमनगर_व्हीएम

ती व्हीआयबी विसरा. नेट५५-आर८१६८ हा व्हीएमके-लिनक्स थरावर (लिनक्सचे ड्रायव्हर ईएसएक्सआयमध्ये चालवणाऱ्या जुन्या भागावर) चालणारा ड्रायव्हर आहे आणि तो थर ७.० पासून काढून टाकलाय. ६.७ पर्यंतच त्याचा उपयोग. ८ च्या आयएसओत कोंबलात तरी तो लोड होणार नाही.

८ वर तीन वाटा आहेत.

पहिली, रियलटेकचा नेटिव्ह ड्रायव्हर. तो २०२५ मध्ये फ्लिंग (अधिकृत सपोर्टशिवाय दिलेलं प्रायोगिक सॉफ्टवेअर) म्हणून आला, ८१११ आणि ८१२५ दोन्ही त्यात आहेत. पण इन्स्टॉलरलाच कार्ड दिसत नसल्यामुळे तो आधी आयएसओत घालावा लागतो. पॉवरसीएलआय या व्हीएमवेअरच्या कमांड-लाइन टूलच्या इमेज बिल्डरमध्ये ईएसएक्सआयचा ऑफलाइन बंडल आणि ड्रायव्हरचा बंडल असे दोन डेपो जोडायचे, मूळ प्रोफाइलची कॉपी करायची, तिची अ‍ॅक्सेप्टन्स लेव्हल 'कम्युनिटी सपोर्टेड' करायची, पॅकेज घालायचं आणि आयएसओ एक्स्पोर्ट करायचा. अ‍ॅक्सेप्टन्स लेव्हल विसरलात तर पॅकेज घालतानाच एरर येते. इमेज बिल्डरला पायथनही लागतं, सोबत सिक्स, पीएसयुटिल, एलएक्सएमएल आणि पायओपनएसएसएल ही मॉड्यूल्स. बहुतेक जण इथेच अडकतात.

दुसरी, यूएसबी लॅन. आरटीएल ८१५३ किंवा एएक्स ८८१७९ चिपची घ्या. खोक्यावर 'गिगाबिट' एवढंच लिहिलं असेल तर दुकानदाराला चिप विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. यालाही वेगळा फ्लिंग ड्रायव्हर लागतो आणि तो ईएसएक्सआयच्या नेमक्या आवृत्तीसाठीचाच हवा. फक्त यूएसबी लॅन असेल तर इन्स्टॉल ८१ टक्क्यांच्या आसपास एरर देऊन थांबतं. घाबरू नका, तोवर डिस्कवर सगळं लिहून झालेलं असतं. रीबूट करा आणि ईएसएक्सआयच्या पिवळ्या स्क्रीनवरून नेटवर्क सेटिंग रीसेट करा. पुढची कटकट अशी की रीबूटनंतर यूएसबी कार्ड व्हीस्विचला (ईएसएक्सआयच्या आतल्या आभासी नेटवर्क स्विचला) पुन्हा जोडलं जात नाही, कारण यूएसबी डिव्हाइस उशिरा उठतं. त्यासाठी लोकल डॉट एसएच फाइलमध्ये ते परत जोडणाऱ्या ओळी घालाव्या लागतात. सिक्युअर बूट चालू असेल तर ती फाइल चालतच नाही, म्हणून बायोसमध्ये तो बंद.

तिसरी वाट मला सगळ्यात स्वच्छ वाटते. वायफाय कार्ड काढून त्या एम.२ ए+ई स्लॉटमध्ये इंटेल आय२२५ किंवा आय२२६ चं कार्ड बसवायचं. त्याचा ड्रायव्हर ८ मध्ये आतच आहे. फक्त केबलचा पोर्ट बाहेर काढायला मागे जागा आहे का ते आधी बघा.

डिस्कचंही लक्षात घ्या. २५६ जीबीवर ईएसएक्सआय स्वतःसाठीच १३८ जीबीपर्यंत राखून ठेवतो, व्हीएमला निम्मीसुद्धा उरत नाही. इन्स्टॉलर सुरू होताना शिफ्ट-ओ दाबून ओळीच्या शेवटी 'सिस्टिममीडियासाइज=मिन' टाका (इंग्रजीत, सलग; मीडियाचा एम आणि साइझचा एस कॅपिटल). मग ३३ जीबीत भागतं.

रंकाळा_रूट

वरचं सगळं बरोबर, पण भावा, एका ऑफिसच्या एका डब्यासाठी एवढा खटाटोप कशाला? ईएसएक्सआयची फुकट आवृत्ती २०२४ च्या फेब्रुवारीत बंद झाली आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये ८.०यू३ई म्हणून परत आली. त्या लायसन्सवर एपीआय (बाहेरच्या सॉफ्टवेअरला आत येण्याचा मार्ग) फक्त वाचण्यापुरता असतो, त्यामुळे नेहमीची बॅकअप सॉफ्टवेअर चालत नाहीत. टॅलीचा डेटा ठेवायचा आणि बॅकअप नाही? नोकरीसाठी ईएसएक्सआय शिकायचं असेल तर जरूर करा. नाहीतर प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवणारी लिनक्सवरची फुकट सिस्टिम) टाका, रियलटेक ८१११ त्याला सरळ दिसतं.

बायोसमध्ये व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी चालू करा. साटा मोड 'रेड' असेल तर 'एएचसीआय' करा, नाहीतर इन्स्टॉलरला एनव्हीएमई दिसणार नाही. रुफसने पेनड्राइव्ह करताना डीडी मोड निवडा. फाइल सिस्टिम ईएक्सटी४ ठेवा. साध्या एकाच एसएसडीवर झेडएफएस घातलं तर लिखाण वाढून ती लवकर झिजते, शिवाय १६ जीबी रॅममधला वाटा खाते तो वेगळाच. पहिल्या अपडेटला ४०१ एरर येईल. एंटरप्राइज रेपॉझिटरी बंद करून 'नो सबस्क्रिप्शन' घाला.

विंडोजच्या व्हीएमला ओव्हीएमएफ बायोस, टीपीएम स्टेट, सीपीयू टाइप 'होस्ट', डिस्क व्हर्टआयओ स्कझी, डिस्कार्ड चालू, रॅम ८ जीबी. व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ दुसऱ्या सीडी ड्राइव्हला लावा, नाहीतर विंडोज सेटअपमध्ये डिस्कची यादी रिकामी दिसेल. लिनक्सला २ जीबी पुरे.

चार जणांचं म्हणाल तर सीपीयू आरामात ओढेल. अडचण दुसरीच आहे: विंडोज प्रोवर रिमोट डेस्कटॉपचं एकाच वेळी एकच सेशन चालतं. टॅलीचं मल्टियूजर लायसन्स घ्या, डेटा फोल्डर व्हीएमवर शेअर करा आणि प्रत्येकाने आपल्या पीसीवरून टॅली उघडावी. जुन्या मशीनवरचं लायसन्स हलवण्याआधी टॅलीतूनच सरेंडर करा.

आणि सगळ्यांसाठी: इंटेल लॅन म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. प्रॉक्समॉक्सवर आय२१९ कधीकधी 'हार्डवेअर युनिट हँग' देऊन मधूनच बंद पडतं. ईटीएचटूल या कमांडने टीएसओ आणि जीएसओ (पॅकेटचे तुकडे करण्याशी संबंधित सेटिंग) बंद केले की बहुतेक वेळा थांबतं.

शिरोली_आयटी

प्रॉक्समॉक्सच करतो. जीएसटीचं डीएससी टोकन (डिजिटल सहीचा यूएसबी डोंगल) व्हीएमला देता येईल ना? अकाउंटंट रिमोट डेस्कटॉपने त्यात जाणार.

रंकाळा_रूट

टोकन व्हीएमला देता येतं: हार्डवेअरमध्ये यूएसबी डिव्हाइस, त्यात व्हेंडर आयडी निवडा. पण रिमोट डेस्कटॉपच्या सेशनमध्ये ते दिसणार नाही. त्या सेशनमध्ये विंडोज स्मार्ट कार्ड समोरच्या पीसीवर शोधतं, सर्व्हरवर नाही. म्हणून टोकन अकाउंटंटच्याच पीसीला लावा आणि कनेक्शनच्या लोकल रिसोर्सेसमध्ये स्मार्ट कार्डची खूण करा. टोकनचा ड्रायव्हर व्हीएममध्येही लागतो. व्हीएमलाच टोकन लावायचं असेल तर प्रॉक्समॉक्सच्या कन्सोलवरून काम करावं लागेल.

उद्यमनगर_व्हीएम

दोन गोष्टी राहिल्या. बॅकअप यूएसबी डिस्कवर घेणार असाल तर ती डिरेक्टरी स्टोरेज म्हणून जोडताना 'इज माउंटपॉइंट' हा पर्याय चालू करा. तो नसेल आणि डिस्क निघालेली असेल, तर बॅकअप गपचूप रूट पार्टिशनमध्ये जातात आणि ते भरलं की होस्टच लटकतो.

दुसरं, लाइटचं. बायोसमध्ये 'आफ्टर पॉवर लॉस' ला 'पॉवर ऑन' आणि दोन्ही व्हीएमना 'स्टार्ट अ‍ॅट बूट'. यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर होस्टवर एनयूटी (यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) टाका, म्हणजे बॅटरी उतरायच्या आत व्हीएम नीट बंद होतील. आणि डबा फाउंड्रीच्या कामाच्या शॉपच्या बाजूला ठेवू नका. फाउंड्रीची बारीक वाळू पंख्यात बसते आणि ग्राइंडिंगची लोखंडी धूळ तर वीजवाहक असते. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा.