कृष्णवर्णीय स्त्रियांच्या कादंबऱ्या: नायिका सोसते म्हणून मोठी होते का?

प्रश्न

अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिकांच्या काही कादंबऱ्या मी अलीकडे ओळीने वाचल्या. झोरा नील हर्स्टन यांची 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' (१९३७), टोनी मॉरिसन यांच्या 'द ब्लूएस्ट आय' (१९७०) आणि 'बिलव्हेड' (१९८७), तसेच ॲलिस वॉकर यांची 'द कलर पर्पल' (१९८२) या त्यांपैकी मनात घर करून राहिल्या आहेत. मात्र या पुस्तकांविषयी वाचक जे लिहितात त्यातील एक सूर मला सतत खटकतो. नायिकेवर घरातच अत्याचार होतो, तिची मुले हिरावून घेतली जातात, नवरा तिला गुरासारखे राबवतो, आणि एवढे होऊनही ती मोडून पडत नाही म्हणून तिच्या कणखरपणाचे तोंडभरून कौतुक केले जाते. असे कौतुक करताना, जे तिच्या वाट्याला यायलाच नको होते त्यालाच आपण तिच्या मोठेपणाचे कारण ठरवतो, असे मला वाटू लागले आहे.

अमेरिकेत हा प्रश्न पुस्तकांपुरता राहिलेला नाही. १९६५ च्या मॉयनिहन अहवालाने, म्हणजे कृष्णवर्णीय कुटुंबांविषयीच्या एका सरकारी अहवालाने, कृष्णवर्णीय कुटुंबांच्या दुरवस्थेचे खापर बऱ्याच अंशी स्त्रीच्या हाती कारभार असलेल्या कुटुंबरचनेवर फोडले होते, आणि काहीही सोसू शकणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीची ही प्रतिमा त्या स्त्रियांनाच कशी जाचक ठरते, याची कठोर चिकित्सा कृष्णवर्णीय स्त्रीवादी लेखिका मिशेल वॉलेस यांनी १९७९ मध्ये केली. म्हणून जाणकारांना विचारावेसे वाटते की, अशा कादंबरीतील स्त्री केवळ तगून राहिली की खरोखर वाढली, हे ओळखण्यासाठी वाचकाने नेमके कशाकडे पाहावे?

प्रतिसाद १

आपली शंका रास्त आहे. माझ्यापुरते उत्तर असे की, तिने किती सोसले याचा हिशेब बाजूला ठेवावा आणि तिचे ऐकून घेणारे कोण आहे, हे पाहावे. आपण उल्लेखलेल्या चारही कादंबऱ्या या एकाच प्रश्नाभोवती रचल्या आहेत, असे माझे मत आहे.

'द कलर पर्पल'मधील सीलीला ती ज्याला बाप समजते तो माणूस बजावतो की, देवाखेरीज कोणालाही काही सांगायचे नाही. त्यामुळे चौदा वर्षांची ही मुलगी देवाला पत्रे लिहू लागते. पुढे धाकटी बहीण नेटी आफ्रिकेतून वर्षानुवर्षे लिहीत असलेली पत्रे नवऱ्याने पेटीत दडवून ठेवल्याचे तिला कळते, आणि त्यानंतर ती देवाला लिहिणे थांबवून बहिणीला लिहू लागते. कादंबरीचा कणा मला या बदलात दिसतो. जिच्याकडून उत्तर येऊ शकते, अशा माणसाला उद्देशून लिहिलेले वाक्यच वेगळे होते, आणि सीलीच्या पत्रांत ते स्पष्ट जाणवते.

तथापि तिची वाढ याच्या बरीच आधी सुरू झालेली असते, आणि ती एका लाजिरवाण्या प्रसंगातून होते. सावत्र मुलगा हार्पो आपली बायको सोफिया ऐकत नाही अशी तक्रार घेऊन येतो, तेव्हा सीली त्याला सांगते की, तिला मार. हे कळल्यावर सोफिया थेट दारात येऊन तिला जाब विचारते. सीली सबब सांगत नाही. तू जे करू शकतेस ते मला जमत नाही म्हणून मला तुझा मत्सर वाटला, अशी कबुली ती देते. त्यानंतर दोघी मिळून फाटलेल्या पडद्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवायला घेतात. जी स्वतः आयुष्यभर मार खात आली तिने दुसरीला मार बसावा असे सुचवणे, आणि त्याबद्दल तिला विचारणारी दुसरी एक बाई समोर उभी राहणे, हे दोन्ही वॉकर यांनी दाखवले म्हणून मला सीली खरी वाटते. पत्रांचा सुगावा लागल्यावर तिच्या मनात वस्तऱ्याने नवऱ्याचा गळा चिरण्याचा विचार येतो, तेव्हाही नवऱ्याची जुनी प्रेयसी आणि आता सीलीची जिवलग झालेली शग तिला एकटे सोडत नाही आणि पँट शिवायला बसवते.

हर्स्टन यांनी तर ऐकणारी व्यक्ती कादंबरीच्या चौकटीतच बसवली आहे. जेनी गावात परतते आणि तिन्ही लग्नांची सगळी कहाणी घराच्या मागच्या ओसरीवर मैत्रीण फीबीला सांगते. दुसरा नवरा जो स्टार्क्स ईटनव्हिलचा महापौर होतो, त्या दिवशी लोक जेनीला दोन शब्द बोलायला सांगतात, पण तो तिला बोलू देत नाही. दुकानात इतरांच्या नजरेस पडू नयेत म्हणून तो तिला केस फडक्याखाली बांधून ठेवायला लावतो, आणि तो मेल्यावर जेनी ती सगळी फडकी जाळून टाकते. एक उणीव मात्र येथे नोंदवायला हवी. तिसरा नवरा टी केक याच्या मृत्यूनंतर कोर्टात जेनी स्वतःची बाजू मांडते, तेव्हा तिचे शब्द आपल्याला थेट ऐकू येत नाहीत. निवेदक त्यांचा गोषवारा देतो. स्वतःच्या आवाजासाठी झगडणाऱ्या नायिकेचा आवाज ऐन कसोटीच्या क्षणी का झाकला, यावर समीक्षकांत आजही मतभेद आहेत. मला ती उणीव वाटते, आणि टी केक जेनीवर हात उगारतो त्या प्रसंगाकडे लेखिका ज्या सहजतेने पाहते, ती त्याहूनही मोठी उणीव वाटते.

प्रतिसाद २

वरील मांडणी मला मान्य आहे, पण ती अपुरी आहे. ऐकणारे माणूस मिळाले तरी बसून बोलायला स्वतःची ओसरी असावी लागते. जेनी फीबीशी ज्या ओसरीवर बोलते ते घर तिचे आहे, आणि जो स्टार्क्सच्या मागे राहिलेला पैसा बँकेत आहे. सीलीच्या बाबतीतही हेच दिसते. मेम्फिसला गेल्यावर ती पँट शिवण्याचा धंदा उभारते आणि पुढे खऱ्या बापाचे घर व दुकान तिच्या ताब्यात येते. (हे वारसाहक्काचे वळण मला जरा सोयीचे वाटते, हे कबूल करतो, लेखिकेला नायिकेवर माया आहे आणि त्या मायेपोटी तिने तिला थोडे अधिकच दिले आहे.)

या दृष्टीने जेनीची आजी नॅनी हिच्याकडे पुन्हा पाहावे, अशी विनंती आहे. सोळा वर्षांच्या नातीला साठ एकर जमीन असलेल्या प्रौढ लोगन किलिक्सच्या गळ्यात बांधणारी आजी म्हणून वाचक तिला नावे ठेवतात. परंतु नॅनी गुलामगिरीत जन्मली, मालकापासून तिला मूल झाले, आणि त्या मुलीवर पुढे शाळामास्तराने बलात्कार केला. जिने दोन पिढ्यांत हेच पाहिले, तिला नातीसाठी प्रेमाआधी भिंती आणि छप्पर हवे वाटले, तर त्यात लोभ कुठला? तिची निवड चुकीची ठरते, पण तिची भीती खरी होती.

दुसरा मुद्दा कायद्याचा. सोफियाकडे आवाज आहे, धमक आहे, पाठीशी बहिणी आहेत. महापौराच्या बायकोकडे मोलकरीण म्हणून यायला ती नकार देते, महापौर थोबाडीत मारतो तेव्हा उलट मारते, आणि तेवढ्यासाठी पोलिसांच्या मारात एक डोळा गमावून तुरुंगात जाते. शेवटी तिला त्याच घरात मोलकरीण व्हावे लागते. 'बिलव्हेड'ला जिच्या आयुष्यातून बीज मिळाले ती मार्गारेट गार्नर जानेवारी १८५६ मध्ये केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीला पोहोचली. पकडायला आलेल्यांनी घर वेढल्यावर तिने आपल्या लहानग्या मुलीला स्वतःच्या हाताने मारले. त्यानंतरच्या खटल्यात मुख्य वाद तिने खून केला का, हा नव्हता. १८५० च्या पळपुट्या गुलामांविषयीच्या कायद्यान्वये ती कोणाची मालमत्ता, हा होता, आणि तिला मालकाकडे परत धाडण्यात आले. अशा व्यवस्थेत व्यक्तीच्या कणखरपणाला अर्थ नसतो असे मी म्हणत नाही, पण त्याची मर्यादा कादंबरीने दाखवली नाही तर ती वाचकाची फसवणूक होते.

'बिलव्हेड'मध्ये ही मर्यादा शेजाऱ्यांपर्यंत पोहोचते. माग काढत आलेल्या माणसांची खबर वस्तीतले कोणीच गुलामगिरीतून पळून आलेल्या नायिकेला, सेथीला, देत नाही, कारण आदल्या दिवशीच्या भरभरून झालेल्या मेजवानीचा त्यांना हेवा वाटलेला असतो. अनेक वर्षांनी घरात खायला काही उरत नाही तेव्हा मुलगी डेन्व्हर अंगण ओलांडून मदत मागायला जाते, आणि मग कुंपणापाशी अन्नाची भांडी येऊ लागतात. कोणते कोणाचे हे कळावे म्हणून काहींसोबत नावाची चिठ्ठी असते. घरात परतलेल्या मृत मुलीच्या भुतापासून सेथीच्या सुटकेसाठी तीस बाया गात तिच्या दारी येतात, पण त्याची सुरुवात मला या भांड्यांपासून झालेली दिसते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. नॅनीचा असा विचार मी केला नव्हता. तरी दोन गोष्टी उरतात. 'द ब्लूएस्ट आय'मधील पिकोला शेवटी वेडी होते, म्हणजे तिथे वाढ मुळीच नाही. मग ती कादंबरी या चर्चेत कुठे बसते? आणि या लेखिका कृष्णवर्णीय पुरुषांना एकतर्फी खलपुरुष ठरवतात, हा आक्षेप कितपत योग्य आहे?

प्रतिसाद ३

पिकोलाकडे वरच्या दोघांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी नाहीत, ऐकणारे माणूसही नाही आणि घरही नाही. आई ज्या गोऱ्या कुटुंबात काम करते त्या स्वयंपाकघरातील प्रसंग पुन्हा वाचावा. पिकोलाच्या हातून फळांच्या गरम पुडिंगचे भांडे पडते आणि तिचे पाय भाजतात. आई तिलाच मारते, आणि रडणाऱ्या गोऱ्या मुलीला मात्र जवळ घेऊन समजावते. ती गोरी मुलगी या बाईला लाडाने 'पॉली' म्हणते, तर स्वतःची लेक तिला 'मिसेस ब्रीडलव्ह' म्हणते. ही दोन संबोधने शेजारी ठेवली की आपल्याला निळे डोळे मिळावेत हा पिकोलाचा हट्ट कुठून आला, हे वेगळे सांगावे लागत नाही. पुढे पिकोला आपल्या निळ्या डोळ्यांविषयी बोलते ती स्वतःच्याच कल्पनेतील मैत्रिणीशी.

या कादंबरीत वाढते ती कहाणी सांगणारी क्लॉडिया. पिकोलाच्या कुरूपतेवर आम्ही सगळ्यांनी स्वतःला सुंदर करून घेतले, असे तिला मोठेपणी उमगते आणि त्यात ती स्वतःला वगळत नाही. एका मुलीचा बळी जातो आणि शहाणपण दुसरीला येते, हे मॉरिसन यांनी लपवले नाही, आणि म्हणूनच मी या कादंबरीला 'द कलर पर्पल'हून वरचे स्थान देईन.

पुरुषांविषयीच्या आक्षेपात तथ्य शोधायचे तर ते 'द कलर पर्पल'च्या पहिल्या निम्म्या भागात सापडेल. १९८५ च्या चित्रपटानंतर तो आक्षेप अधिक जोराने मांडला गेला. परंतु कादंबरीच्या शेवटी सीलीचा नवरा अल्बर्ट तिच्याशेजारी बसून शिवण करतो, आणि इतकी वर्षे पत्रांत ज्याला ती केवळ 'मिस्टर' म्हणत आली त्याला ती नावाने संबोधू लागते. पिकोलाचा बाप चॉली हा अधिक अवघड दाखला आहे. कोवळ्या वयात बंदूकधारी गोऱ्यांनी विजेरीच्या झोतात त्याची जी विटंबना केली ती मॉरिसन सविस्तर सांगतात, आणि तरीही त्याने मुलीवर केलेल्या अत्याचाराला त्यातून माफी मिळू देत नाहीत. समजावून सांगणे आणि पाठीशी घालणे यांतील अंतर इतक्या काटेकोरपणे राखणारे लेखन फार थोडे आहे.

पुढे काय वाचावे असे आपण विचारले नाही, तरी दोन पुस्तके सुचवतो. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या 'किंड्रेड'मध्ये (१९७९) कॅलिफोर्नियातील डेना १९७६ मधून वारंवार गुलामगिरीच्या काळातील मेरिलँडमध्ये खेचली जाते आणि अखेरच्या वेळी डावा हात गमावून परतते. तगून राहण्याची किंमत शरीरावर एवढी उघड दाखवणारी दुसरी कादंबरी मला आठवत नाही. दुसरी सेनेगलच्या मारियामा बा यांची, फ्रेंचमध्ये लिहिलेली 'सो लाँग अ लेटर' (१९७९). नवऱ्याच्या निधनानंतर रामातुलाये जिवलग मैत्रीण ऐसातूला प्रदीर्घ पत्र लिहिते. दीर लग्नाचा प्रस्ताव जणू हक्क असल्यासारखा मांडतो, तेव्हा ती त्याला ज्या शब्दांत परत पाठवते ती पाने चुकवू नयेत. ती शिक्षिका आहे, स्वतः कमावते, आणि तिचे ऐकणारी मैत्रीणही आहे, त्यामुळे वर मांडलेल्या दोन्ही कसोट्या या एकाच कादंबरीवर लावून पाहता येतील. आपण ती वाचलीत तर येथे अवश्य लिहावे.